सासूच्या गाडीतला वारा

वाळवंटाच्या काठावरच्या बिदिया गावात वाळू नसते अशी जागाच नाही. ती कहव्याच्या किटलीच्या चोचीत असते, नवऱ्या मुलाच्या फेट्याच्या घडीत असते, झोपलेल्या माणसाच्या भुवईत असते. आणि गाड्यांमध्ये तर ती मालकाच्या आधी जाऊन बसलेली असते. त्या वाळूच्या जिवावरच झहरानचं दुकान चाललं. पेट्रोल पंपामागच्या गल्लीत पत्र्याची शेड, पुढे आपल्या शमीच्या जातीचं एक घाफचं झाड, झाडाखाली स्प्रिंग वर आलेला सोफा, आणि त्या सोफ्यावर दिवसाचा निम्मा वेळ शेजारचा टायरवाला मुहन्ना.

झहरान काम एकच करायचा, गाड्यांमधला एसी. इंजिनाला हात लावणार नाही, ब्रेककडे बघणार नाही. कुणी म्हणालं, "अरे, जाता जाता जरा तेलपण बदल," तर म्हणायचा, "मी वाऱ्याचा माणूस आहे, तेलाचा नाही." म्हणून गावात त्याला वारेवाला म्हणत. त्याची बायको शम्साही रागावली की वारेवाला म्हणायची, तेव्हा मात्र त्याचा अर्थ वेगळा असायचा.

हे काम तो शिकला तांत्रिक शाळेत, पण कामाची रीत उचलली बापाकडून. बाप गावचा पाटकरी होता. डोंगराच्या पोटातून भुयाराने येणारं पाणी खजुरांच्या बागांना वाटून देणं, हे त्याचं काम. सगळ्यात शेवटच्या बागेचा मालक ओरडत आला की पाणी येत नाही, तर बाप त्याच्याशी वाद घालत नसे. तो शेवटच्या झाडापाशी जायचा, पाण्यात पाय बुडवायचा आणि तिथून उलटा वर चालत सुटायचा. फांटा आला की पाय बुडव, पुढचा फांटा आला की पुन्हा पाय बुडव. जिथे पाण्याला जोर लागला, त्याच्या अलीकडेच कुठेतरी ते अडलेलं किंवा फुटलेलं असायचं. लहानगा झहरान मागे मागे चालायचा. मोठेपणी त्याने पाण्याच्या जागी वारा घेतला, एवढंच.

गाडी आली की तो आधी एसी बंद ठेवून नुसता पंखा लावायचा. एकवर, दोनवर, मग पूर्ण. डोळे मिटून आवाज ऐकायचा. मग मनगटाची आतली बाजू हवेच्या प्रत्येक झरोक्यासमोर धरायचा, पोराचा ताप बघावा तशी. मग पायाशी, मग समोरच्या काचेशी. पंखा धावतोय का आणि वारा पोचतोय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. पंखाच मंद असेल तर दुखणं विजेचं. पंखा गरजतोय आणि झरोके गप्प आहेत, तर मधे कुणीतरी वाट अडवून बसलंय. झरोके गप्प पण पायाशी सोसाटा, तर आतली झडप चुकीच्या बाजूला अडकलेली.

वाट अडवणारेही काय एकेक असत! एका उंटवाल्याच्या गाडीत डाव्या झरोक्यातून वारा येईना. झहरानने उघडून पाहिलं तर आत खजुराच्या बिया, एकावर एक, भिंत रचल्यासारख्या. उंटवाल्याच्या नातवाने रोज प्रवासात एकेक आत सारली होती, गाडीला भूक लागते म्हणून. दुसऱ्या एकाच्या गाडीत टिश्यू पेपरांची गादी करून उंदरीण बाळंत झाली होती. झहरानने पिल्लं खोक्यात काढून सावलीत ठेवली आणि मालकाला निरोप पाठवला, "गाडी उद्या ने. आज घरात बाळंतीण आहे." मालक घाबरून धावत आला, त्याला वाटलं झहरानच्या घरी काही झालं. मुहन्ना हा किस्सा सांगताना अजूनही सोफ्यावरून घसरतो.

पण असा हा वारेवाला त्याच्या स्वतःच्या सासूच्या गाडीपुढे हात टेकून बसला होता.

सासूचं नाव रय्या. गावातल्या ज्या बायका सगळ्यात आधी गाडी चालवायला शिकल्या त्यातली ती एक. जुनी पांढरी गाडी होती, पण आतून अशी लख्ख की पाय ठेवताना माणसाने चप्पल काढावी. सासरा नबहान. एके काळी शर्यतीचे उंट तयार करायचा, लांबून नुसती चाल बघून कुठला उंट जिंकणार ते सांगायचा. आता त्याची मूत्रपिंडं थकली होती. आठवड्यातून तीनदा, रविवार, मंगळवार आणि गुरुवार, रय्या त्याला इब्रा शहरातल्या इस्पितळात रक्त धुवायला घेऊन जायची. जाताना तो उंटाच्या गोष्टी सांगायचा. येताना मात्र त्याच्यात काही उरलेलं नसायचं. सीट मागे पाडून तो डोळे मिटून पडायचा, आणि तेव्हा त्याला एकच गोष्ट हवी असायची, तोंडावर गार वारा.

आणि तोच येईना. निघताना बरा असायचा, अर्ध्या वाटेत सुस्कारा होऊन जायचा. जून महिना, नगाल जातीचा पहिला खजूर पिकायला लागलेला, रस्ता तव्यासारखा तापलेला. खिडकी उघडली तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी हवा आत यायची.

झहरानने फिल्टर नवा बसवला, गॅस तपासला, पंख्याची मोटरसुद्धा बदलली. तेवढ्यापुरतं सगळं ठीक व्हायचं आणि पुन्हा तेच. त्या गुरुवारी परतताना नबहानला चक्कर आली. घरी पोचल्यावर रय्याने आणि एका शेजाऱ्याने धरून उतरवलं, पाणी दिलं. जरा शुद्धीवर आल्यावर तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "रविवारी मी येणार नाही."

"म्हणजे?" रय्याने विचारलं.

"म्हणजे येणार नाही. तिथे रक्त धुतात आणि वाटेत मला वाळवतात. झालं तेवढं पुरे."

शम्साने नवऱ्याला दुकानात फोन केला. ती रडत नव्हती, हे जास्त वाईट.

"सगळ्या बिदियाच्या गाड्या थंड करतोस तू. लोकांची कुत्री एसीत बसून फिरतात. आणि माझा बाप गाडीत भाजून निघतो."

"मी बघतोय ना शम्सा, उद्या नमाजनंतर येतोच."

"बघून झालं तुझं तीनदा. या वेळी शोधून काढ."

आता कुणी म्हणेल, झहरानने आपली गाडी द्यायची. पण त्याचा होता उंच पिकअप. नबहानच्या गुडघ्यांना ती पायरी चढवत नव्हती, आणि त्यात सीट आडवी होत नव्हती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं होतं, पण म्हातारा हट्टी. "एकदा कुणी नेईल, दोनदा नेईल. मग माझ्या दारावरून जाताना गाडी जोरात हाकतील," म्हणायचा. रय्याच्या गाडीतून जाईन, नाहीतर जाणार नाही.

शुक्रवारी जुम्याची नमाज झाली, सासुरवाडीला मासे-भात झाला, आणि झहरान अंगणात गाडीपाशी गेला. सासू ओट्यावर कहवा घेऊन बसली. नबहान आत आडवा झाला होता, पण खिडकीची झापडं उघडी ठेवून.

झहरानने रीतीने सुरुवात केली. शेवटच्या झाडापासून उलटं. झरोके, क्षीण. पायाशी, क्षीण. काचेशी, तेही क्षीण. म्हणजे झडपेचा घोळ नाही, वारा कुठेच पळत नाही. पंखा ऐकला, सणसणीत. डॅशबोर्डातला कप्पा उतरवला, दोन खिट्ट्या दाबल्या, फिल्टर बाहेर ओढला. पांढरा स्वच्छ. तो त्याने सासूला दाखवलासुद्धा. तिला तो आत्या म्हणायचा.

"बघा आत्या, कसा आहे."

"देवाची कृपा," रय्या म्हणाली आणि कपात कहवा ओतायला लागली.

फिल्टर स्वच्छ म्हणजे आत घाण जायला वाटच नाही. म्हणजे अडथळा आत नाही. मग वारा कोण खातंय? झहरानने गाडी सुरू ठेवून अर्धा तास तसाच बसून पाहिलं. हळूहळू वारा आणखी मंदावला. एसी बंद करून थोडं थांबला, पुन्हा लावला, तर जरा जोर आला. त्याने मान हलवली. आत कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. धरतो तेव्हा वारा बंद, वितळतो तेव्हा सुरू.

"आत्या, इस्पितळात पोचल्यावर गाडीखाली पाणी सांडतं का?"

"सांडतं? अरे, मुततेच ती घटकाभर. पहारेकरी मला म्हणतो, आजी, गाडीला पण आत भरती करा."

खिडकीतून आवाज आला, "उंटीण अशी करायला लागली तर तिला विकतात."

"माणसं अशी करायला लागली तर काय करतात, ते सांगा म्हणावं," रय्या खिडकीकडे न बघता म्हणाली.

बर्फ धरतो हे कळलं. का धरतो ते कळेना. गॅस कमी असला तरी बर्फ धरतो, पण गॅस नेमका होता. वारा कमी असला तरी धरतो. पण वारा कमी का, हाच तर मूळ प्रश्न. झहरान गोल गोल फिरून त्याच दगडाला ठेच खात होता. शेवटी म्हणाला, "सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. चार-पाच दिवस गाडी मिळणार नाही."

रय्याने कप खाली ठेवला. आत खाटेचा करकर आवाज आला, म्हातारा कुशीवर वळला असावा. मग तिने आतून धुपाटणं आणलं, निखाऱ्यावर चिमूटभर बखूर, म्हणजे तिकडचा सुगंधी धूप, टाकलं आणि जावयासमोर धरलं. या मुलखात ऊद फिरला की पाहुण्याने उठायचं असतं. झहरानने दाढीखाली धूर घेतला, फेट्यात घेतला, आणि उठला. त्या दिवशी त्याला तो धूर जरा लवकर आल्यासारखा वाटला.

हे बखूर रय्या स्वतः करायची. साखरेच्या पाकात उदाची आणि चंदनाची पूड, गुलाबपाणी, कस्तुरी, आणखी काय काय, ते ती मुलीलाही सांगत नसे. मंद आचेवर घोटून त्याच्या वड्या पाडायची. लग्नाघरातून तिच्या वड्यांना मागणी असायची. तिच्या घरून आलेला माणूस रस्त्यावर लोकांना वासावरून कळायचा. गाडीलाही ती शुक्रवारच्या शुक्रवार धुरी द्यायची.

शनिवारी सकाळी झहरान दुकानात आला तो पडेल चेहऱ्याने. मुहन्नाने सोफ्यावर जागा करून दिली.

"काय रे, सासूने हाकलला वाटतं?"

"ऊद फिरवून."

"म्हणजे इज्जतीने हाकलला. मला माझी सासू टायरचा वास येतो म्हणून दारातच पाणी देते."

तेवढ्यात एक शाळेची व्हॅन आली. तक्रार तीच, वारा कमी. झहरानने सवयीने कप्पा उतरवला, फिल्टर ओढला. तो उंटाच्या कातड्यासारखा मातकट झाला होता. झटकला तर मुहन्नाच्या चहात वाळू पडली.

"अरे, अरे! कधी बदलला होता हा? माझ्या लग्नात?"

"छे रे. मीच बदलला होता. आमच्या आत्याच्या गाडीत बसवला त्याच आठवड्यात..."

झहरान तिथेच थांबला. हातातला फिल्टर त्याने उलटसुलट करून पाहिला.

"मुहन्ना, ही व्हॅन गावाबाहेर जात नाही. घर, शाळा, घर."

"मग?"

"आणि आमची आत्या वाळूच्या कडेने इब्रापर्यंत जाऊन येते, आठवड्यातून तीनदा. तिचा फिल्टर पांढरा. नव्याकोऱ्या चादरीसारखा."

"तुझी सासू स्वच्छतेची आहे."

"सासू आहे. वाळू नाही ना!" झहरान उठलाच. "मी मूर्ख आहे. स्वच्छ फिल्टर बघून मी खूश होत होतो. बिदियात फिल्टर स्वच्छ राहिला, तर त्याचा अर्थ एवढाच की तो गाडीत नव्हता. चल, मला सोड तिकडे."

"तुझा पिकअप आहे की."

"त्याच्यामागे व्हॅन लागलीय. काढ मोटारसायकल."

मुहन्नाने त्याला सासुरवाडीच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं. अंगणात पांढरी गाडी उभी होती, काचा वर, दारं बंद, आणि काचांच्या आत पांढरं धुकं. गाडी सुरू होती, पंखा फिरत होता. शेजारी रय्या कमरेवर हात ठेवून उभी, दुधावर लक्ष ठेवावं तशी.

झहरानने जाऊन दार उघडलं. धुराचा लोट तोंडावर आला. पुढच्या सीटच्या पायाशी, नेमकं जिथून पंखा गाडीतलीच हवा पुन्हा ओढून घेतो त्या जाळीखाली, धुपाटणं ठेवलेलं. त्यावर एक नाही, दोन वड्या. त्याने कप्पा उतरवला, खिट्ट्या दाबल्या. फिल्टरची जागा रिकामी.

मागे रय्या उभी होती. तिने आधी जावयाकडे पाहिलं, मग गल्लीकडे.

"तुझा पिकअप कुठंय?"

आणि एवढ्या एका प्रश्नात झहरानला सगळं कळलं. त्याच्या पिकअपचा सायलेन्सर फुटका होता, दोन गल्ल्यांवरून ऐकू यायचा. तो ऐकू आला की फिल्टर जागेवर जायचा.

"आत्या, फिल्टर कुठे आहे?"

"आहे. जपून ठेवलाय." ती आत गेली आणि कापडात गुंडाळलेला फिल्टर घेऊन आली. चांगल्या कपड्यांच्या कपाटातून. "फेकला नाही मी. तुझी वस्तू आहे."

"पण काढता कशाला?"

"ती तुझी गाळणी माझा वास खाते रे. ती बसवलीस त्या दिवशी मी दोन वड्या जाळल्या, आणि गाडीला वास नाही. तू कसा काढतोस ते बघून ठेवलं होतं. सोपं आहे की, दोन तर खिट्ट्या." तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "तुला वाईट वाटू नये म्हणून तू यायच्या वेळी परत लावायची."

झहरानने तोंड उघडलं. काय काय म्हणायचं होतं त्याला! तीनदा उघडलेली गाडी, फुकट बदललेली मोटर, शम्साचा फोन. दुसऱ्या कुणाची सासू असती तर तो बोललाही असता. पण आपल्या मुलखात आणि त्यांच्या मुलखात जावयाची जीभ एकाच ठिकाणी अडकते.

तो एवढंच म्हणाला, "आधी शुक्रवारच्या शुक्रवार धुरी देत होता तुम्ही. आज शनिवार."

रय्याने अंगणातल्या वाळूत पायाच्या अंगठ्याने रेघ ओढली.

"आता रोजच देते, जायच्या आदल्या दिवशी दुप्पट. तिकडून आले की त्यांच्या अंगाला तिथल्या औषधांचा वास येतो. ते स्वतःच एकदा म्हणाले, 'रय्या, मला माझाच वास ओळखू येत नाही.' मग मी काय करू? मला इंजेक्शन देता येतं का? मशीन फिरवता येतं का? माझ्या हातात एवढंच आहे."

झहरानने गाडी बंद केली. मग त्याने मुहन्नाला फोन केला, "माझी हत्यारांची पेटी घेऊन ये. आणि सफाईच्या फेसाचे डबे आहेत ते सगळे. आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश."

पंख्याची मोटर उतरवल्यावर आत कॉइलकडे जायला पंजाएवढी वाट मिळते. झहरानने त्यातून छोटा आरसा आणि बॅटरी घातली. कॉइलचे पातळ पत्रे दिसायला हवे होते, दिसत होतं जाड घोंगडं. तपकिरी, चिकट. बखूरातला साखरेचा धूर आत जाऊन गार पत्र्यांवर बसायचा, चिकटायचा, आणि त्यावर फिल्टर नसलेल्या वाटेने बिदियाची वाळू येऊन थापली जायची. थरावर थर, भिंत सारवावी तसा. त्यातून वारा जायचा कसा? जो थोडा जायचा, तोही कॉइल गोठली की बंद.

त्याने चिमट्याने त्या घोंगड्याचा एक तुकडा सोलून काढला आणि तळहातावर घेतला. बोलण्याची गरज पडली नाही. रय्याने वाकून वास घेतला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"ही ईदची वडी आहे," ती म्हणाली. "त्यात मी केशर टाकलं होतं." आणि मग मटकन ओट्यावर बसली. "म्हणजे त्यांचा वारा मीच..."

"तुम्ही नाही आत्या. साखरेने."

"साखर कोणी घातली?"

झहरानने तो तुकडा फडक्यात गुंडाळला. मुहन्ना पेटी घेऊन आला होता, तो तोंड उघडणार, तेवढ्यात झहरानने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं.

फेस मारायचा, मुरू द्यायचा, ब्रशने पत्र्यांच्या उभ्या रेषेत हळू हळू खरवडायचं. आडवं नाही, पत्रे वाकतात. मग पाण्याची बारीक धार. मग पुन्हा फेस. गाडीखालच्या नळीतून आधी काही येईना, तीही तुंबलेली. झहरान वाळूत उताणा झोपला, तार घालून ती मोकळी केली, आणि भसकन जे पाणी आलं ते थेट त्याच्या दाढीवर. काळं, दाट, कहव्यासारखं. आणि वास असा की गल्लीत घमघमाट सुटला. शेजारची बाई कुंपणावरून डोकावली.

"रय्या, कुणाचं ठरलं गं? आम्हाला बोलावणं नाही?"

"गाडीचं ठरलंय," मुहन्ना म्हणाला. एवढा वेळ धरून ठेवलेलं त्याला आता सोडावंच लागलं. "नवरा बघा, खाली झोपलाय, दाढीला अत्तर लावून."

आतल्या खिडकीतून कोरडं हसणं ऐकू आलं. मग काठीचा आवाज, आणि नबहान दारात येऊन उभा राहिला. सगळं बोलणं त्याने ऐकलं होतं. झापडं उघडी होतीच. तो त्या काळ्या पाण्याकडे बघत होता. ते अंगणाच्या उतारावरून लिंबाच्या आळ्यात चाललं होतं.

"रय्या," तो म्हणाला, "वासाचं मी एकदाच बोललो होतो."

"मला एकदा पुरतं."

"सत्तावीस उंट तयार केले मी. एकानेही माझं इतकं ऐकलं नाही."

"मग त्यांच्यापैकीच एकाला गाडी चालवायला सांगा."

पण रविवारी येतो असं काही तो म्हणाला नाही. काठी टेकत परत आत गेला. झहरानने पाणी नितळ येईपर्यंत काम केलं, मोटर बसवली, फिल्टर बसवला. खिट्ट्या लागल्याचा टक् आवाज सासूला ऐकू जाईल इतक्या जोरात लावल्या. पंखा लावला. समोरच्या सीटवर पडलेला रुमाल उडून मागे गेला. त्याने गाडी तासभर चालू ठेवली. वारा मंदावला नाही. खाली पाणी टपकलं, पण थेंब थेंब, शहाण्यासारखं.

जाताना त्याने फक्त एवढं म्हटलं, "आत्या, धुरी कपड्यांना द्या. लाकडी घोडीवर अंगरखा पसरून खाली धुपाटणं ठेवतात ना, तशी. गाडीला नको."

"आणि गाडीत औषधाचा वास आला तर?"

झहरानला वाऱ्यातलं कळत होतं, वासातलं नाही. त्याने खांदे उडवले.

रविवारी पहाटे फजरच्या नमाजनंतर तो शम्साला घेऊन आला. येतोय की नाही हे म्हाताऱ्याने अजून सांगितलं नव्हतं. रय्याने त्याचा पायघोळ पांढरा अंगरखा रात्रभर घोडीवर पसरून धुरी दिलेला होता. तो तिने त्याच्या अंगात घातला. मग कपाटातून अत्तराची बाटली काढली. अंगरख्याच्या गळ्याशी दोऱ्याचा गोंडा लोंबतो, तिकडच्या प्रत्येक पुरुषाच्या अंगरख्याला असतो, आणि तो असतोच मुळी अत्तरात बुडवण्यासाठी. नबहानने आजारपणात ते सोडून दिलं होतं. रय्याने गोंडा बाटलीत बुडवला, दोन बोटांनी निथळला, आणि नीट सोडला.

"कशाला? मी काय लग्नाला चाललोय?"

"चाललाय ना? मग झालं."

म्हातारा आपल्याच बोलण्यात सापडला. त्याने जावयाकडे पाहिलं. जावयाने लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. शेवटी काठी शम्साच्या हातात देऊन तो गाडीत बसला. झहरानने वाकून सीट मागे पाडली, मधला झरोका त्याच्या गळ्याकडे वळवला, आणि पंखा पूर्ण केला.

गोंडा उडाला. छातीवर आपटला, पुन्हा उडाला, वाऱ्यावर नाचायला लागला. आणि बघता बघता अख्ख्या गाडीत अत्तराचा वास भरला, निखारा नाही, धूर नाही. रय्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. तिने दीर्घ श्वास घेतला आणि जावयाकडे वळून न बघता म्हणाली, "हे तुला आधी सुचलं नाही होय रे, वारेवाल्या?"

"मला कसं सुचणार आत्या, बाटली तुमच्या कपाटात."

मंगळवारी त्यांच्या गाडीखाली वाकून बघणाऱ्या पहारेकऱ्याला रय्याने म्हणे सांगितलं, आता तिला भरती करायची गरज नाही. पण ते मंगळवारचं झालं. त्या रविवारी, दुपारच्या टळटळीत उन्हात, झहरान सासुरवाडीच्या दारात उभा राहून वाट बघत होता. दुकान सोडून आला होता, कुणाला सांगितलं नव्हतं. पांढरी गाडी वळणावर आली, अंगणात शिरली. काचा वर होत्या. रय्याने आपल्या बाजूची काच खाली केली, तेव्हा आतलं बोलणं बाहेर आलं.

"रय्या, पंखा जरा कमी कर. दाढी गोठली माझी."

"करणार नाही."

"अगं, मंगळवारी मफलर घेऊन यावं लागेल."

"घ्या की," रय्या म्हणाली, आणि दार उघडून खाली उतरली.